पंच्याण्णव टाका

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. बघा, आत्ताच ओठ हलले तुमचे! जाऊ द्या. नाहीतरी अख्ख्या वैजापूर तालुक्यात ही गोष्ट माहीत नाही असं माणूस आता उरलेलं नाही, मग तुम्ही तरी कशाला मागं राहता? घ्या, चहा घ्या. सांगतो.

तर मी भित्रा आहे. थोडाबहुत नाही, लई. कुकरची दुसरी शिट्टी झाली की मी स्वयंपाकघरातून गॅलरीत. संभाजीनगरच्या गुलमंडीत माझं चष्म्याचं दुकान आहे, तिथं मी बायकोच्या स्कूटरवर जातो, आणि इतका जपून जातो की मागं एका सायकलवाल्यानं थांबून विचारलं, "काका, बंद पडली का? ढकलू?"

आणि अशा माणसाला देवानं सासरा कोण द्यावा? तात्या!

तात्यांची वैजापूरला शेती. सहा फूट उंची, मिशा अशा की त्यांच्याकडं बघून आधी मिशांनाच नमस्कार करावा. मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव चालू असताना तात्या खोकले तर बोली थांबते, की तात्यांनी भाव वाढवला का काय! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आजही ते "जावईबापू" म्हणाले की मी भरल्या ताटावरून उठून उभा राहतो.

साठी उलटल्यावर लोक काय करतात? काशीला जातात, भजनी मंडळात बसतात. तात्यांनी मोटारसायकल घेतली. साधीसुधी नाही हो! काळीभोर, रेड्याएवढी. उभी असली तरी वाटतं आत्ता मारेल. रोज सकाळी स्वतःच्या हातानं पुसणार, दसऱ्याला ट्रॅक्टरच्या आधी तिला हार. सख्खा मुलगा बाळू, त्यालाही हात लावू देत नाहीत.

झालं असं, की तात्या त्या गाडीवरून डोळा दाखवायला संभाजीनगरला आले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, करूनच टाकू. ऑपरेशन छान झालं. पण डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, काही दिवस गाडी चालवायची नाही. तात्यांना न्यायला बाळू कार घेऊन आला. माझी बायको संगीताही माहेरी निघाली. आता राहिला कोण? रेडा. आमच्या बिल्डिंगखाली उभा.

काळा गॉगल लावून तात्या सोफ्यावर बसले होते. मान माझ्याकडं वळली. "गाडी जावईबापू आणतील."

"मी?" माझा आवाज असा निघाला, की संगीतानं मांजर आलं का म्हणून खिडकीकडं बघितलं.

"मग? घरचं माणूस तुम्ही. चालवता न्हवं?"

आता 'मला भीती वाटते' असं कोणता जावई सासऱ्याला सांगेल? मी म्हणालो, "चालवतो की! त्यात काय!"

खाली उतरल्यावर तात्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली, पण सोडली नाही. किल्लीच्या एका टोकाला ते, एका टोकाला मी.

"टाकीत फार नाय. निघतानाच टाका. पण एक ध्यानात ठेवा, साधं पेट्रोल टाकायचं नाय. पंच्याण्णव टाकायचं. काय?"

"पंच्याण्णव."

"ते भारीतलं अस्तंय. आता भलतंसलतं पेट्रोल पडलं तर इंजिन जातं. आन इंजिन गेलं, तर…"

आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं! तिथंच! गॉगल लावलेला, त्यामुळं डोळेही दिसेनात. तर काय? तर काय, हे सांगून टाकलं असतं तरी परवडलं असतं हो! कारण मला माहीत होतं, मागं तात्यांच्या चुलतभावानं त्यांच्या ट्रॅक्टरमध्ये डिझेल समजून दुसरंच काहीतरी ओतलं होतं. इंजिन गेलं. तेव्हापासून दोघांचा बांध एक, विहीर एक, पण बोलणं बंद. आणि तो तर रक्ताचा भाऊ. मी कोण? बाहेरचा!

निघालो. पुढं रेडा आणि त्यावर मी, मागं कार. हेल्मेट बाळूचं होतं. ते इतकं घट्ट, की बाहेरचं जग विहिरीच्या तळातून ऐकू यावं तसं येत होतं. मनात एकच जप: पंच्याण्णव, पंच्याण्णव, पंच्याण्णव.

पंपावर ही गर्दी! माझ्या मागं रिक्षा, पुढं दुधाचे कॅन लादलेल्या गाड्या. दोन्ही पाय जमिनीवर रोवून, दोन्ही हातांनी हँडल आवळून मी उभा. जरा ढिलं सोडलं तर गाडी आडवी होणार आणि माझी सासुरवाडी कायमची संपणार.

पेट्रोल टाकणारा आला आणि काहीतरी बोलला. मला हेल्मेटमधून फक्त शेवटचं "…का?" ऐकू आलं. मी समजलो, विचारतोय, साधं टाकू का.

"पंच्याण्णव!" मी ठणकावलं.

त्यानं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "पंचानवे?"

"पंचानवे!"

"पक्का?"

"पक्का! सासऱ्याची गाडी आहे!"

"हौ," तो मान डोलावत म्हणाला, "फिर तो ठीक है. झिरो देख लो."

मी शून्य बघितलं. शून्यच होतं. आणि मग मी डोळे मिटले, कारण नळी टाकीत गेली होती आणि माझ्या मनात आलं, एखाद्यानं आत्ता इथं बिडी पेटवली तर? डोळे उघडेपर्यंत काम झालं होतं! मला नवल वाटलं. म्हटलं, भारीतलं पेट्रोल जरा दाट असणार, झटक्यात मावत असेल.

हो हो, मला माहीत आहे तुम्ही आत्ता काय म्हणणार आहात. तुम्ही इथं पंख्याखाली बसून ऐकताय. तिथं रेड्यावर बसला असतात म्हणजे कळलं असतं!

पैसे? तेवढ्यात बाळू कारमधून उतरून धावत आला. "दाजी, तुम्ही नाय द्यायचे. मी हाय ना!" त्यानं मशीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, गालातल्या गालात हसला आणि पैसे देऊन गेला. मला वाटलं, काय आदर आहे पोराला!

शहर संपलं तशी कार पुढं काढून बाळू म्हणाला, "दाजी, तात्यांचे थेंब टाकायची वेळ होतीय. आम्ही पुढं होतो. तुम्ही सावकाश या." आणि गेली कार.

आता रस्त्यावर मी एकटा. म्हणजे मी, रेडा आणि दोन्ही बाजूंनी झपाझप जाणारे कांद्याचे ट्रक. प्रत्येक ट्रक गेला की वाऱ्याचा असा गुद्दा बसायचा, की मी मनातल्या मनात संगीताचा निरोप घ्यायचो. पण तेही मी सोसलं. दौलताबादचा फाटा, माळीवाडा, सगळं मागं पडलं. जरा छाती फुगली. एका हातानं खाज सुटलेलं नाक खाजवावं इतपत धीर आला होता.

आणि समोर पिवळा दिवा लागला.

माझ्या स्कूटरला असले दिवे नाहीत. तिला एक काटा आहे, तोही कधीचा हलायचा थांबलाय. इथं तर पिवळा जर्द दिवा, आणि त्यात चित्र. मी चष्म्यातून नीट बघितलं. चित्र होतं पेट्रोलपंपाचं!

गाडी बोलत होती हो माझ्याशी! सांगत होती, पेट्रोलात खोट आहे! चुकीचं पेट्रोल पडलंय! एवढी महागाची गाडी, तिला आपोआप कळतच असणार. त्या माणसानं मला पंच्याण्णव म्हणून साधं टाकलं! तरीच तो मान डोलावत होता. तरीच झटक्यात झालं!

मग काय, प्रत्येक आवाज वेगळा ऐकू यायला लागला. टक्. हे काय वाजलं? खर्र. हे काय खरडलं? बुडाखाली ऊन लागायला लागलं. आग? पायाखालून वास यायला लागला. जळतंय? वास शेतात कुणीतरी पाचट पेटवलं होतं त्याचा होता, पण हे नंतर कळलं. दिवा काही विझेना. मी गाडीला म्हणालो, अक्षरशः हात जोडायचेच राहिले, "बाई, एवढं वैजापूर गाठून दे, पुढं काय व्हायचं ते तात्यांच्या दारात होऊ दे." मग लगेच वाटलं, नको नको, तात्यांच्या दारात तर अजिबात नको!

गाडीनं एक उचकी दिली. मग दुसरी. मग धाप लागल्यासारखं केलं आणि रस्त्याच्या कडेला, एका टपरीसमोर, गप्प झाली.

मी बटण दाबलं. घुर्र, घुर्र, आणि काही नाही.

टपरीवाल्या मावशी बाहेर आल्या. बाकावर एक मेंढरं राखणारा म्हातारा बसला होता, तो काठी टेकत आला. त्याच्या मागं एक गॉगलवाला, कुठल्यातरी लग्नाला निघालेला, कपाळावर टिळा. आणि म्हाताऱ्याची मेंढरं. तीही गोळा झाली.

"काय झालं पाव्हणं?" म्हातारा म्हणाला. "पेट्रोल हाय का?"

मला भयंकर राग आला. "बाबा, आत्ताच टाकलंय! पंच्याण्णव टाकलंय!"

"पंच्याण्णव लिटर?" म्हातारा चाट पडला. "टाकी हाय का टँकर?"

"लिटर नव्हे हो! पंच्याण्णव म्हणजे भारीतलं! पण त्यानं चुकीचं टाकलं! हा बघा दिवा!"

गॉगलवाल्यानं दिवा बघितला. त्यानं गॉगल वर केला. असली माणसं गॉगल वर करतात ना, तेव्हा समजावं की आपलं काही खरं नाही.

"मोबाईलवर बघितलंय मी," तो म्हणाला. "हल्ली पेट्रोलात इथेनॉल अस्तंय. त्यात पाणी धरतं. भलतं पेट्रोल पडलं की आधी दिवा लागतो, मग उचक्या, मग बंद. तुमच्या उचक्या झाल्या का?"

"झाल्या!" मी रडवेला झालो.

"किती?"

"दोन!"

"मग गेलं आतलं सगळं." त्यानं गॉगल खाली केला. "पुन्हा चालू करू नका. भडका होईल."

भडका! मी मागं उडी मारली. मावशींनी उकळता चहा स्टोवरून उतरवला. म्हातारा मेंढरं हाकायला लागला, "चला, हितनं, फुटनार हाय गाडी!" बिचारी मेंढरं रस्त्यापलीकडं. मी म्हणालो, निदान गाडी उन्हातून तरी हलवू या, तापली की जास्त पेटेल. मग आम्ही तिघांनी, तोंडं फिरवून, बॉम्ब ढकलावा तशी ती ढकलत गोल फिरवली आणि पलीकडच्या लिंबाखाली, आलो त्या दिशेला तोंड करून लावली. मी येऊन टपरीच्या आडोशाला, एका लाकडी खोक्याला टेकून बसलो.

आता घरी कळवणं भाग होतं. तात्यांना? शक्यच नाही. संगीताला फोन लावला. रेंज म्हणाल तर येत होती, म्हणाल तर जात होती.

"संगीता, घाबरू नकोस. गेलं!"

"काय? कोण गेलं?"

"सगळं आतलं गेलं म्हणतात. माझ्या डोळ्यांदेखत धडधड बंद झाली गं! दोन उचक्या दिल्या फक्त!"

"अरे देवा! कुणी? तुमच्या गाडीखाली कोण आलं का?"

"तात्यांना सांगू नकोस!"

आणि पलीकडून तो आवाज आला, लिलाव थांबवणारा. "काय सांगायचं नाय तात्यांना?"

फोन माझ्या हातातून सांडला. उचलला तर बंद झालेला. पुन्हा वाजला, तेव्हा पडद्यावर 'तात्या' असं नाव! मी त्या फोनकडं साप बघावा तसा बघत राहिलो. मावशी म्हणाल्या, "घ्या की." म्हटलं, "मावशी, तुम्ही घ्या, सांगा मी नाही." "नाही म्हंजे?" त्या किंचाळल्या, "जित्या माणसाला नाही कसं म्हनू?"

मी ठरवलं. संभाजीनगरला परत जायचं नाही, वैजापूरला तर नाहीच. अजिंठ्याकडं कुठंतरी छोटं दुकान टाकायचं. पर्यटकांना गॉगल विकायचे. संगीताला वर्षभरानं बोलावून घ्यायचं, आली तर.

इतक्यात लासूर स्टेशनकडून धूळ उडवत कार आली. ब्रेक असा लागला, की मेंढरं पुन्हा अलीकडं आली. दार उघडलं आणि तात्या उतरले. काळा गॉगल, पांढरा सदरा. मी खोक्याला आणखी चिकटलो. तात्या सरळ माझ्याकडं आले. दोन्ही हात पुढं केले. मी डोळे मिटले. म्हटलं, आता ते अर्धं राहिलेलं वाक्य पुरं होणार!

तात्यांनी माझे दंड चाचपले. मग खांदे. मग वाकून गुडघे दाबून बघितले. "कुठं लागलं? बोला ना! हाड मोडलं का? कोण गेलं?"

त्यांचा आवाज कापत होता. हो, तात्यांचा! मिशा थरथरत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं, की भीती माझ्या एकट्याच्या मालकीची नाही.

"तात्या… मी नाही… गाडी गेली. इंजिन," मी तोंड झाकून म्हणालो. "चुकीचं पेट्रोल पडलं. मी पंच्याण्णव सांगितलं होतं हो! आईशप्पथ, ओरडून सांगितलं होतं!"

संगीता मटकन बाकावर बसली. "इंजिन? आम्हाला वाटलं माणूस मारला तुम्ही! येताना रस्ताभर मी नवस बोलत आले!"

तात्या लिंबाकडं गेले. मी ओरडलो, "तात्या नको, भडका होईल!" पण ते ऐकणारे नव्हेत. त्यांनी हँडल धरलं आणि गाडी गदागदा हलवली. कान लावला. पुन्हा हलवली. आतून काहीच आवाज नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "बाळ्या, पंपावर पैसे तूच दिले न्हवं? किती झाले?"

बाळू मान खाली घालून चपलेनं माती उकरत होता. "पंच्याण्णव रुपये."

एका मेंढीनं बॅ केलं.

"दाजींनी पंच्याण्णवचंच टाका म्हणून सांगितलं," बाळू पुढं म्हणाला. "मला वाटलं, मी पैसे देतोय म्हणून दाजी संकोच करतायत. पाव्हण्यांना कसं म्हणायचं, अजून टाका म्हणून?"

आणि हळूहळू माझ्या टाळक्यात उजेड पडला. "…का?" म्हणजे "कितने का?" होतं. पिवळा दिवा म्हणजे दोष नव्हे, पेट्रोल संपत आलंय. उचक्या म्हणजे शेवटचे थेंब. गॉगलवाल्याकडं बघावं म्हटलं, तर तो केव्हाच लग्नाला निघून गेला होता!

"अहो," मावशी म्हणाल्या, "पेट्रोल पायजे होतं व्हय? मग सांगायचं ना! ज्या खोक्याला टेकून बसलाय त्यात बाटल्याच हायेत. इकते की मी!"

मी खोक्याजवळून असा उठलो, जसा विंचू चावला.

तात्या हसायला लागले. आधी मिशा हलल्या, मग पोट, मग सगळे तात्या. डोळ्याला ताण द्यायचा नाही म्हणून संगीता त्यांना आवरायला धावली, तर तीच हसून लोळायची बाकी राहिली. मावशींनी बाटल्या काढल्या. मी मात्र अजून घाबरलेलाच. म्हणालो, "तात्या, पण हे साधं आहे! हे चालेल का?"

"न चालायला काय झालं?" तात्या गॉगलखालून डोळे पुसत म्हणाले. "कंपनीच्या पुस्तकात साधंच लिवलंय. मी रोज साधंच टाकतो."

"मग ते पंच्याण्णव?"

तात्या जरासे लाजले. हो, लाजलेच! "जावई पयल्यांदा गाडीवर बसनार म्हनून म्हनलं, आज भारीतलं असू द्यावं."

"आणि इंजिन गेलं तर, तर काय? तुम्ही वाक्य सोडलं होतं!"

"तर दुसरं बसवू, म्हननार होतो. तेवढ्यात शिंक आली, न् डॉक्टर म्हनले होते, शिंक दाबा."

घ्या! एका शिंकेपायी मी अजिंठ्याला दुकान टाकणार होतो!

गाडीत पेट्रोल पडलं. बटण दाबताच रेडा डुरकला. आणि काय सांगू, त्या क्षणी माझी भीती अशी पळाली, जशी कधी नव्हतीच. सासरा आपल्यासाठी कापतो, आपल्यासाठी भारीतलं पेट्रोल सांगतो, आणखी काय पाहिजे माणसाला? मी हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला, छाती काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तात्या, तुम्ही या मागून आरामात. आता मी पुढं!"

आणि सोडली गाडी. काय पळवली, काय पळवली! मागून कारचे हॉर्न ऐकू येत होते. एकसारखे, लांबलचक. मी मनात म्हटलं, बघा, कौतुक करतायत! एक हात वर करून दाखवला. हॉर्न आणखी जोरात वाजले. मी वेग आणखी वाढवला. जन्मात पहिल्यांदा मी ट्रकला मागं टाकलं. मोठमोठ्यानं गाणं म्हणत होतो, हेल्मेटमध्ये आवाजही काय छान घुमतो!

बऱ्याच वेळानं मान वर करून समोर बघितलं, तर डोंगर. डोंगरावर तटबंदी. मी मनाशी म्हणालो, वा! वैजापूरला हा किल्ला कधी बांधला?

जवळ गेलो, तर तो दौलताबादचा होता.